उष्णता नव्हे, थायरॉईड

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझा जुना विद्यार्थी घरी आला. हात इतका कापत होता की चहाचा कप बशीवर वाजू लागला. त्याच्या परवानगीने, नाव-गाव वगळून लिहितो आहे.

त्याला एच.आय.व्ही. आहे. एआरटीच्या गोळ्या सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. सुरुवातीला ६० असलेले सीडी-४ साडेतीनशेवर गेले, अंग भरले, बंद पडलेले दुकान पुन्हा उघडले. आणि आता भूक दुप्पट, तरी वजन ६ किलोंनी उतरलेले. छातीत धडधड, झोप नाही, डिसेंबरात घाम.

“सर, रोग उलटला,” तो म्हणाला.

आईने निदान केलेच होते : गोळ्यांची उष्णता. “गुळिगी बिडप्पा,” हा तिचा रोजचा धोशा. (आपल्याकडे भांडण मराठीत आणि काळजी कानडीत!) मीही, शिकलेला माणूस, बोलून गेलो, “चार दिवस बंद ठेवून बघ.”

त्याने ठेवल्या. पाचव्या दिवशी एआरटी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्याला फैलावर घेतले. माझ्याविषयी त्या काय म्हणाल्या, ते त्याने सांगितले नाही.

तपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ वाढलेले. ग्रेव्ह्ज नावाचा थायरॉईडचा विकार. डॉक्टरांनी उलगडून सांगितले. गोळ्यांनी विषाणू दबला की शरीरात संरक्षक पेशींची नवी फौज उभी राहते. क्वचित तिच्यावरचा वचक अपुरा पडतो आणि आपल्याच थायरॉईडला चिथावणारी प्रतिपिंडे तयार होतात. सीडी-४ फार खालावल्यावर उपचार सुरू झालेल्यांत हे अधिक दिसते, आणि बहुधा एक ते तीन वर्षांनी. फसगत होते ती इथेच. पहिल्या काही आठवड्यांत दडलेला क्षय उफाळू शकतो, त्यावर केंद्रात लक्ष असते. दोन वर्षांनंतरच्या धडधडीचा संबंध घरचा माणूस कशाशी लावणार?

एआरटी यात थांबवायची नसते. सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो, पुढे औषधाला दादही देईनासा होऊ शकतो. त्याच रात्री त्याच्या गोळ्या परत सुरू झाल्या; जोडीला थायरॉईडसाठी कार्बिमॅझोल, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच रक्त तपासायचे, हेही बजावले. हात स्थिर व्हायला काही आठवडे लागले, वजन भरायला त्याहून जास्त.

परवा त्याच्या दुकानात गेलो होतो. आई उष्णतेवर अजून जिऱ्याचे पाणी देते म्हणे. तो रात्रीची गोळी त्याच पाण्याबरोबर घेतो.