आधी वजनकाटा, मग हूक

पिरंगुटला माझं ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप आहे. उसाच्या, विटांच्या, पाण्याच्या टाकीच्या ट्रॉल्या आम्ही बांधतो आणि दुरुस्त करतो. अलीकडे एक वेगळं गिऱ्हाईक येऊ लागलंय. कोथरूड, बाणेर, हिंजवडीकडच्या मंडळींना मुळशी धरणाच्या काठावर मुक्काम करायचा असतो, ताम्हिणीतून कोकणात उतरायचं असतं आणि गाडीमागे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर न्यायचा असतो. त्यासाठी पिकअप घ्यायचा विचार चाललेला असतो. पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन किती ताकदीचं बघू?

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आजची कुठलीही डिझेल पिकअप हजार-बाराशे किलोचा ट्रेलर चढावर ओढेल. तो मागे सरळ चालेल का आणि उतारावर गाडीला ढकलणार नाही ना, हे इंजिन ठरवत नाही. ते वजन ठरवतं: कशाचं किती आणि कुठे ठेवलेलं.

ट्रेलर हेलकावे का खातो ते आधी समजून घ्या. शेजारून एसटी किंवा कंटेनर वेगात गेला, एखादं चाक खड्ड्यात आपटलं किंवा स्टीअरिंगला झटका बसला, की ट्रेलरचं शेपूट बाजूला जातं. हळू वेगात ते आपोआप जागेवर येतं. वेग वाढत जातो तशी ही सावरण्याची क्षमता कमी होत जाते आणि एका वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. मग ट्रेलर गाडीची मागची बाजू डावी-उजवीकडे फेकू लागतो. ही हद्द कुठल्या वेगाला येणार, ते तुम्ही सामान कसं भरलंय आणि पुढे गाडी कुठली लावलीय यावर ठरतं.

सामानाचं गणित आमच्या शेतकऱ्यांना पाठ आहे. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे भरला तर हूक वर उचलला जातो, फार पुढे भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. म्हणून जड माल एक्सलच्या जवळ आणि थोडा पुढे. प्रवासी ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा, असा अमेरिकेत रुळलेला हिशेब आहे. युरोपात ट्रेलरची घडण वेगळी आणि वेग कमी, म्हणून तिथे याहून कमी भार चालवतात. आपल्याकडे घरगुती बांधणीचे ट्रेलर जास्त, तेव्हा मी 10 टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही.

एक उदाहरण घ्या. ट्रेलर 1200 किलोचा, हुकावर 140 किलो, हुकापासून एक्सल साडेतीन मीटरवर. आता एक्सलच्या मागे दीड मीटरवर पाण्याची 100 लिटरची टाकी भरली. हुकावरचे 43 किलो कमी झाले. उरले 97, एकूण वजन 1300, म्हणजे जेमतेम साडेसात टक्के. तीच टाकी एक्सलच्या पुढे दीड मीटरवर असती तर हुकावर 183 किलो आले असते, म्हणजे 14 टक्के. ट्रेलर तोच, पाणीही तेवढंच. तरी पहिला महामार्गावर शेपूट हलवणार आणि दुसरा सरळ चालणार. म्हणून मागच्या दाराशी टाकी, त्यामागे सायकलींचा स्टँड आणि सिलिंडर अशी रचना कुणी काढून आणली की मी कामाला हात लावण्याआधी नकाशा बदलायला सांगतो. अगदी पुढच्या टोकाला सगळं लोटणंही चुकीचंच. दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा हलायला लागला की लवकर थांबत नाही.

आता पुढच्या गाडीकडे येऊ. हुकावरचा भार गाडीला वाहायचा असतो आणि तो पाटी-टोपलीसारखा सरळ खाली बसत नाही. डबल कॅब पिकअपचा व्हीलबेस साधारण 3.1 मीटर असतो. टोयोटा हायलक्सचा 3085 मिलिमीटर, महिंद्रा बोलेरो कॅम्परचा 3014. हूक मात्र मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर मागे येतो. तिथे 150 किलो लटकले की मागच्या चाकांवर 210 किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरून 60 किलो उतरतात. गाडी वळवायचं काम पुढच्या चाकांचं आणि नेमकी तीच हलकी होतात. म्हणून माणसं, हौद्यातलं सामान आणि हुकावरचा भार या तिन्हींची बेरीज गाडीच्या भारक्षमतेत बसली पाहिजे. हौद्यातलं जड सामान केबिनच्या पाठीला टेकवून ठेवा, मागच्या फळीशी नको.

पिकअप निवडताना मी गिऱ्हाइकाला या क्रमाने बघायला सांगतो. पहिलं, कंपनीच्या भारतातल्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा आकडा दिलाय का. नसेल तर ती गाडी या कामासाठी नाही, असं समजा. परदेशातला आकडा इथे लावू नका. दुसरं, रिकामी गाडी भरलेल्या ट्रेलरपेक्षा जड हवी. ब्रिटनमधले कॅराव्हॅनवाले नवख्या चालकाला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. मुळशीच्या रस्त्यांवर मी अनुभवी माणसालाही हाच सल्ला देतो. तिसरं, व्हीलबेस लांब आणि एक्सलमागची शेपटी आखूड. चौथं, मागचे पाटे आणि टायर. पाटे दमदार हवेत, टायर भार वाहणाऱ्या प्रतीचे हवेत आणि हवा भाराच्या हिशेबाने भरलेली हवी. टायरच्या कडा मऊ पडल्या की मागून आलेला प्रत्येक झटका वाढून स्टीअरिंगपर्यंत पोचतो. हेलकावा ओळखून चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा गाडीत असेल तर चांगलंच, पण चुकीचं भरलेलं सामान ती दुरुस्त करत नाही. या सगळ्यानंतर इंजिन.

ब्रेकचा विषय वेगळा काढतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त काटकसर होते. ऑस्ट्रेलियात डिझेल हायलक्स फोर बाय फोरला ब्रेक असलेला ट्रेलर 3500 किलोपर्यंत ओढायची मुभा आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर फक्त 750. गाडी तीच, इंजिन तेच आणि मर्यादा जवळजवळ पाचपटीने खाली. ब्रेकचं मोल याहून स्पष्ट कुठला आकडा सांगेल? आपल्याकडे मात्र दीड टनाचा ट्रेलर बिनब्रेकचा बांधून द्या, म्हणून लोक आग्रह धरतात. ताम्हिणीतून विळ्याकडे उतरताना किंवा नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येताना असा ट्रेलर आपलं सगळं वजन हुकावरून गाडीच्या पाठीवर लोटतो. वळणावर ते वजन तिरकं लागतं आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडीची मागची चाकं तेवढ्यानेच सुटतात. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका, वेग तिथेच कमी करा. उताराच्या मध्यावर पोचल्यावर हे करायला उशीर झालेला असतो.

आणि कधी हेलकावे सुरू झालेच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, प्रत्येक हेलकाव्याला उलटं वळवत बसू नका. ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावायची सोय असेल तर तेवढाच हळू लावा. वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो, ही जुनी समजूत जिवावर बेतणारी आहे.

या बाबतीत सरकारकडे माझी मागणी आहे. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यात इंजिन असलेल्या कॅराव्हॅनबरोबर गाडीमागे ओढायचे ट्रेलरही धरलेले आहेत आणि कॅराव्हॅन पार्कची कल्पनाही आहे. पर्यटन वाढावं, मुळशीतल्या पोरांना काम मिळावं, हे मलाही हवं आहे. पण पार्कमध्ये वीज, पाणी, सांडपाणी यांची जशी सोय मागता, तशी हुकावरचा भार मोजायची सोयही मागा. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. ट्रेलरच्या नोंदणीवेळी त्याच्या पाटीवर एकूण वजनाबरोबर हुकावरचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त भार लिहिण्याची सक्ती करा. गाडी कंपन्यांनी प्रत्येक पिकअपचा ट्रेलर ओढण्याचा आकडा मराठी पुस्तिकेत ठळक छापावा. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे, कोथरूडच्या टेकडीवर, आमच्या पौड रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. हे काम आपल्याला जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

आमच्या धंद्यातल्या भावांनाही सांगतो. बंपरला हूक वेल्डिंग करून देऊ नका. हूक चॅसिसलाच, कंपनीने ठरवलेल्या जागी, बोल्टने बसवा आणि खाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या बांधा. नोंदलेल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. आज दोन हजार रुपयांचं काम हातचं गेलं तरी चालेल.

घेणाऱ्याला शेवटचं सांगणं. सहलीचं सगळं सामान भरा, पाणी भरा, घरची माणसं बसवा आणि जवळच्या वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर सोडून गाडी एकटी मोजा. मग ट्रेलर जोडा, त्याची चाकं काट्याबाहेर ठेवा आणि पुन्हा फक्त गाडी मोजा. दोन पावत्यांमधला फरक हा तुमच्या हुकावरचा भार. शेवटी ट्रेलर सोडून एकटा काट्यावर घ्या आणि त्याचं एकूण वजन काढा. फरक एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी आला तर तिथेच सामान पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. ट्रेलर रिकाम्या गाडीपेक्षा जड निघाला तर तो घरी ठेवा. या पावत्या हातात आल्याशिवाय चांदणी चौक ओलांडू नका.