राउंड आयलंडचा निर्विष सर्प

मॉरिशस म्हटले की एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तेथील ऊसमळ्यांवर गेलेली मराठी कुटुंबे आठवतात. त्याच मॉरिशसच्या उत्तरेस, समुद्रात सुमारे २२ किलोमीटरवर, राउंड आयलंड नावाचे एक निर्मनुष्य ज्वालामुखीजन्य बेट आहे. तेथे एक विलक्षण सर्प राहतो.

त्याच्या ‘कॅसेरिया ड्युसुमिएरी’ या शास्त्रीय नावात एका व्यापाऱ्याचे स्मरण आहे. ड्युसुमिए हा फ्रेंच जहाजी व्यापारी. मालाच्या खरेदी-विक्रीबरोबरच तो हिंदी महासागराच्या परिसरातील प्राण्यांचे नमुनेही जमवीत असे. हा सर्प चार-पाच फूट लांब, निर्विष आणि माणसाला निरुपद्रवी आहे. पिले नारिंगी असतात, मोठेपणी रंग काळपट होतो. पाली व सरडवर्गीय प्राणी हे त्याचे भक्ष्य. त्याच्या वरच्या जबड्याचे हाड प्रत्येक बाजूस पुढचा व मागचा अशा दोन हलत्या भागांत विभागलेले असते. अशी रचना पृष्ठवंशीयांत केवळ त्याच्याच लहानशा कुळात आढळते.

या बेटावर उंदीर कधीच पोहोचले नाहीत, म्हणून तो वाचला. संकट आले ते माणसाच्या हातून. एकोणिसाव्या शतकात तेथे शेळ्या आणि ससे सोडण्यात आले. त्यांनी ताडवृक्षांची रोपे खाऊन टाकली. मुळांचा आधार गेल्यावर पावसाने माती समुद्रात वाहून नेली. मातीत बिळे करून राहणारा या सर्पाचा एकमेव सगोत्र १९७५ नंतर कोणाला दिसलेला नाही.

पुढे जेराल्ड डरेल यांच्या पुढाकाराने काही सर्प जर्सी येथे नेऊन त्यांची वीण वाढविण्यात आली. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे बेटावरून नाहीसे करण्यात आले. ताडवृक्ष पुन्हा उगवले, सर्पांची संख्या वाढली. २०१२ मध्ये काही सर्प गनर्स क्वॉइन या शेजारच्या बेटावरही नेण्यात आले.

परंतु ‘नाहीसे करण्यात आले’ हे शब्द सहज वाचून पुढे जाता येत नाही. शेळ्या गोळीने मारल्या गेल्या, ससे विषाने. एका जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचे प्राण घ्यावेत काय? जीवदया मानणाऱ्या मनाला हा प्रश्न टोचणारच, आणि तो टोचावा. त्या शेळ्या-सशांचा अपराध कोणता? त्यांनी केवळ आपली भूक भागविली. जेथे त्यांचे स्थान नव्हते तेथे त्यांना सोडून देणारा हात माणसाचा होता. पुढील हिंसेचे बीज त्याच दिवशी पेरले गेले.

आपणही कधी बाजारातून आणलेले परदेशी कासव तळ्यात सोडतो आणि पुण्य जोडल्याच्या समाधानाने घरी परततो. त्या तळ्यातील मासे, बेडूक आणि मूळची कासवे यांचे पुढे काय होते, हे पाहण्यास आपण थांबत नाही. जीव सोडविणे थोर खरेच. पण तो कोठे सोडला जात आहे, याचा विवेक हाही दयेचाच भाग आहे.