एक कोयता, दोन माणसे

आजच्या राहाता तालुक्यातील प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून साखरपट्ट्यात ऊस काट्यावर मोजला जातो; तो तोडणाऱ्याचे श्रम कोण मोजतो? तोडणीच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’! उचल मुकादमाकडून पुरुषाच्या हाती पडते आणि डोक्यावर मोळ्या वाहणारी स्त्री हिशेबातून नाहीशी होते. घटनेचे ३९ वे कलम स्त्रीपुरुषांस समान कामाला समान वेतन सांगते. परंतु जिचे वेतन वेगळे लिहिलेच जात नाही, तिच्यावरील अन्याय सिद्ध कसा व्हावा? न मोजणे हीच शोषणाची युक्ती आहे! म्हणून टन, तास आणि मजुरी रोज स्वतःच्या वहीत लिहा, दोघांच्या नावाने लिहा. मजुरीला दोघांच्या तासांनी भागा, तो आकडा किमान वेतनाशेजारी मांडा आणि जाब विचारा.