काळ्या कोटाची पायरी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आमच्याकडे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्याशिवाय कोणाला फराळाच्या ताटाला हात लावू देत नाहीत. माझा हा लेख वाचकांनी त्या कारिटाच्या जागी समजावा. चकल्या-करंज्या, कथा-कविता पुढे आहेतच. आधी हे थोडे कडू.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी आपल्यात म्हण आहे. ही म्हण पक्षकारासाठी आहे. पैसा, वेळ आणि झोप तिन्ही गमवायची नसतील तर भांडण गावातच मिटव, असे ती सांगते. आपण मात्र तिचा अर्थ फारच वाढवला. गरिबाघरच्या शहाण्या मुलाने पक्षकार म्हणून तर नाहीच, पण वकील म्हणूनसुद्धा ती पायरी चढू नये, अशी पक्की व्यवस्था आपण करून ठेवली आहे. ती कोणी कट करून केलेली नाही. म्हणूनच ती मोडणे अवघड आहे.

दोन वर्षांपूर्वी बारावीचा निकाल लागला आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती. मी विचारले, "आता पुढे काय?"

वडील म्हणाले, "गुरुजी, पोरगी वकील व्हायचं म्हणते. फॉर्म कुठं मिळतो तेवढं सांगा."

हे वेड तिच्या डोक्यात कुठून आले ते मला ठाऊक होते. त्यांच्या घराकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता. दाव्याचे कागद घरी आले की ही मुलगी ते वडिलांना वाचून दाखवी. एकदा वाचता वाचता ती थांबली. दाव्यात लिहिलेला पोटहिश्शाचा नंबर आणि घरातल्या सातबाऱ्यावरचा नंबर जुळत नव्हता. ती चूक ना वडिलांच्या लक्षात आली होती, ना त्यांच्या वकिलांच्या. दुसऱ्याच दिवशी वडील धावत तालुक्याला गेले आणि वकिलांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. तेव्हा ती अकरावीत होती.

अशा मुलीला मला सांगावे लागले की फॉर्म आता कुठेच मिळत नाही. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा, जिला 'क्लॅट' म्हणतात, ती आदल्या डिसेंबरातच होऊन गेली होती. तिचे अर्ज त्याआधी, दिवाळीच्या सुमाराला बंद झाले होते. राज्य सरकारची विधी सीईटी राहिली म्हणावे, तर तिच्या अर्जाची मुदतही बारावीच्या निकालापूर्वीच संपली होती. निकाल लागल्यावर पुढचा विचार करायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ज्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्या घराला दुसरी रीत कळणार तरी कशी? निकालाच्या आधी कित्येक महिने दार उघडते आणि निकाल लागेपर्यंत बंदही होते, हे ज्याला माहीत त्याचेच ते दार.

येथे पहिला आरोपी मीच आहे. कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात मी ही तारीख मुलांना कधी सांगितली नव्हती. खरे सांगायचे तर मलाही ती माहीत नव्हती. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही; कॉलेजे बाहेरूनच पाहिली. पण ही सबब झाली. डॉक्टरकी आणि इंजिनियरिंगच्या परीक्षांच्या तारखा शाळेच्या फळ्यावर आम्ही उत्साहाने लिहितो. वकिलीची तारीख लिहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

पण तारखेचा दोष एका फळ्याने आणि चिमूटभर खडूने दूर होईल. माझे खरे भांडण पुढेच आहे.

समजा, त्या मुलीला तारीख कळली असती. मग काय झाले असते? २०२५ च्या प्रवेशासाठी क्लॅटचे शुल्क ४,००० रुपये होते. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील उमेदवारांना ते ३,५०० रुपये. म्हणजे दारिद्र्यरेषेखाली राहण्याबद्दल सवलत फक्त ५०० रुपयांची! हे केवळ परीक्षेला बसण्याचे. शिकण्याचे पैसे निराळे, आणि ते वर्षाला काही लाखांच्या घरात जातात. तरीही पैशाचे एक वेळ जमते. बँक कर्ज देते, सरकार शिष्यवृत्ती देते, गावातले चार लोक हात लावतात. जमत नाही ते भाषेचे. १ डिसेंबर २०२४ ची ही परीक्षा १२० मिनिटांत १२० प्रश्नांची होती. प्रत्येक चुकीला पाव गुण कमी. प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले. मोठाले उतारे वाचायचे आणि त्यांवर तर्क चालवायचा. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, हे त्या परीक्षेचे भूषण म्हणून सांगतात, आणि ते भूषण आहेही. पण हे सगळे फक्त इंग्रजीत. ज्या मुलीने बारा वर्षे मराठीत विचार केला, तिने प्रत्येक उतारा आधी मनात उलगडायचा आणि मग तर्क करायचा. जिचे शिक्षण इंग्रजीत झाले तिने थेट तर्काला लागायचे. घड्याळ मात्र दोघींना एकच! याला तर्काची परीक्षा म्हणत नाहीत, वाचनाच्या वेगाची शर्यत म्हणतात. आणि त्या शर्यतीत एकीच्या पायात खडावा घातलेल्या आहेत.

येथे कोणी म्हणेल, 'मास्तर, वकिली इंग्रजीतच चालते. आज नाही तर उद्या इंग्रजी लागणारच.' हा आक्षेप वजनदार आहे. तो टाळून चालणार नाही.

पहिली गोष्ट, वकिली इंग्रजीतच चालते हे अर्धेच खरे. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत ठेवले आहे. पण उच्च न्यायालयाच्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याचे राज्य सरकारने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जाहीर केले. आपला वाटेचा दावा, भाडेकरूचा तंटा, पोटगीचा अर्ज, मारामारीचा खटला, हे सगळे सुरू होते ते याच कोर्टांत, आणि बहुतेकांचे तेथेच संपते. तेथे साक्षीदार मराठीत बोलतो आणि त्याच्या बोलण्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घर जाते. 'वहिवाट' आणि 'परवानगी' यांतला फरक साक्षीदाराच्या तोंडून नेमका काढून घेणारा वकील आपल्याला हवा आहे की नको? हवा असेल, तर त्याची भाषा दाराबाहेर काढून ठेवायला लावणारी परीक्षा कशासाठी?

दुसरी गोष्ट, इंग्रजी लागणारच, हे मला मान्य आहे. ते शिकलेच पाहिजे, उत्तम शिकले पाहिजे. पण म्हणून ते दारातच मागायचे का? पोहायला शिकवणारा मास्तर 'आधी विहीर पार करून दाखव, मग शिकवतो' असे म्हणत नाही. विद्यापीठाच्या हातात पाच वर्षे आहेत. पाच वर्षांत जे शिकवता येते त्याची अट पहिल्याच दिवशी घालणे म्हणजे शिकवण्याचे कष्ट वाचवणे होय.

आणि गंमत पाहा. कायद्याची पदवी घेतल्यावर वकिली करण्यासाठी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतून देता येते! म्हणजे बाहेर पडताना मराठी चालते, आत शिरताना चालत नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला नीट परीक्षा मराठीतून देता येते. इंजिनियरिंगची जेईई मेन मराठीतून देता येते. शरीरातल्या नाड्या आणि यंत्रातली चाके मराठीत समजतात. मग न्याय आणि अन्याय यांतला फरक तेवढा मराठीत समजत नाही काय?

'भाषांतरात अर्थ बदलेल, वाद होतील,' असाही एक आक्षेप असतो. राज्यघटना मराठीत आहे. राज्याचे कायदे मराठीत छापले जातात. शासनाच्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश करून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालय स्वतः आपल्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे संकेतस्थळावर ठेवते. एवढे झाल्यावर चार पानांच्या उताऱ्यांनीच काय घोडे मारले? राहिला वादांचा प्रश्न. एकट्या इंग्रजीतल्या परीक्षेतही ते टळलेले नाहीत. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेच्या उत्तरसूचीवरून विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने दोन प्रश्नांबाबत निकाल सुधारायला सांगितले. वादाच्या भीतीने परीक्षा बंद झाली नाही; मग वादाच्या भीतीने भाषा का बंद?

न्यायाची गोष्ट बोलायची तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. क्लॅट सुरू झाली २००८ साली. त्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा, परीक्षा वेगळी, गाव वेगळे. मुलाने आज बंगळुरूला धावायचे, उद्या भोपाळला. एका विद्यार्थ्याने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून पुढे सात विद्यापीठांची एक परीक्षा झाली. ही सुधारणाच होती. पण जी सुधारणा रेल्वेच्या तिकिटाचे पैसे वाचवते आणि भाषेचा टोल बसवते, ती अर्ध्यावर सोडलेली सुधारणा आहे.

आता मराठी राज्यापुरते बोलू. राज्याची विधी सीईटी इंग्रजीबरोबर मराठीतही असते. हे चांगले काम आहे आणि त्याबद्दल सरकारचे आभार मानले पाहिजेत. त्या परीक्षेवर राज्यातल्या कायद्याच्या कॉलेजांत प्रवेश मिळतो. मग याच राज्याने, २०१४ सालच्या स्वतःच्या कायद्यान्वये, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे स्थापन केलेल्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे दार काय म्हणून केवळ इंग्रजी परीक्षेच्या किल्लीने उघडते? या विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. ऐकायला गोड वाटते. पण रहिवासी म्हणजे तहसील कचेरीचा दाखला असलेला. मराठी शाळेत शिकलेला नव्हे. जागा महाराष्ट्राच्या, चाळणी इंग्रजीची! त्या चाळणीतून कोणत्या घरातली मुले खाली उतरतात आणि कोणत्या घरातली वर अडकतात, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही शाळेत मुलांना साखर वाटली. साखर खाऊन माझ्या मनात आले, जी भाषा दोन हजार वर्षांची म्हणून गौरवली, त्या भाषेत अठरा वर्षांच्या मुलीला दोन तास परीक्षा देता येऊ नये?

माझ्या मागण्या फार नाहीत. क्लॅटची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीत आणि इतर भारतीय भाषांत मिळावी. ते होईपर्यंत राज्याने आपल्या विधि विद्यापीठांतल्या रहिवाशांच्या जागा आपल्याच दुभाषी सीईटीवर भराव्यात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या वर्षी विद्यापीठानेच इंग्रजी कसून शिकवावे. आणि आम्हा मास्तरांनी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर दोन्ही परीक्षांचे वेळापत्रक लिहावे. यातले शेवटचे काम मी गेल्या वर्षीपासून सुरू केले आहे. त्याला कोणाची मंजुरी लागली नाही.

ती मुलगी सध्या तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. करते. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो; त्याची सीईटी ती देणार आहे. परवा बाजारात भेटली. मी म्हटले, "एक वर्ष थांबून क्लॅट द्यायची होतीस." ती म्हणाली, "सर, वाटेचा दावा अजून चालूच आहे. घरात कागद वाचायला कोणीतरी हवं ना." वर हसून म्हणाली, "आणि मी वकील होईन, तेव्हाही तो चालूच असेल. मीच उभी राहीन."

ती उभी राहील याबद्दल मला शंका नाही. परंतु एखादी जिद्दी मुलगी आडवाटेने पोचते, एवढ्यावरून राजरस्ता ठीक आहे असे ठरत नाही. पोचली नाहीत ती मुले आपल्याला बाजारात भेटून काही सांगत नाहीत. ती बांधावर, दुकानाच्या गल्ल्यावर, कंपनीच्या पाळीत निमूट कामाला लागलेली असतात.

ज्यांच्या घरात या दिवाळीत अकरावीतले मूल फराळाला बसले असेल, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, 'तुला वकील व्हावेसे वाटते का?' 'हो' म्हणाले, तर पुढच्या वर्षीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलात तर अर्जाची मुदत कदाचित संपलेली असेल. आणि ज्यांच्या हातात प्रश्नपत्रिकेची भाषा ठरवण्याचा अधिकार आहे, त्यांच्यापर्यंत हा अंक पोचला, तर त्यांनी एक करावे. तालुक्याच्या कोर्टात जाऊन अर्धा दिवस मागच्या बाकावर बसावे आणि तेथे न्याय कोणत्या भाषेत मागितला जातो ते नुसते ऐकावे.