त्यांचं साहस, आमचा गुन्हा

साथींनो,

दिवाळीची नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोठ्या शहरांतून तेरा ते सतरा वर्षांच्या पोरापोरींची साहस शिबिरं निघतात. रानात राहायचं, रानात शिकायचं, अशी जाहिरात असते. फी हजारांत असते. अशा शिबिराचा पहिला दिवस आम्ही जवळून पाहिलाय, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दिवशी पोरांचे मोबाईल जमा करून घेतात. मग तंबू ठोकायला शिकवतात. वारा कुठून येतो ते बघून तीन दगडांची चूल मांडायला लावतात. वाळकं सरपण कोणतं, दिवसा सूर्यावरून आणि रात्री चांदण्यांवरून दिशा कशी धरायची, मातीतला माग कुणाचा, हे सांगतात. रात्री शेकोटीभोवती बसवून म्हणतात, आज तुम्ही धाडस केलंत.

आमच्या पारध्यांच्या पालावर हा पहिला दिवस पोर चालायला लागलं की सुरू होतो. त्याची फी नाही आणि प्रमाणपत्रही नाही. प्रमाणपत्र सोडा, आमच्या पोराला साधा जातीचा दाखला काढायचा तर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. पाल ठोकून फिरणाऱ्या माणसानं तो कुठल्या कपाटातून काढायचा?

गंमत बघा. १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडात ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल नावाच्या फौजी साहेबानं वीस-बावीस पोरांचं शिबीर भरवलं. स्काऊटची चळवळ तिथून निघाली, आणि आजच्या साहस शिबिरांत तिचं बरंच काही आहे. साहेबानं पोरांना काय शिकवलं? तंबू, शेकोटी, माग काढणं. त्यानं पोरं धीट आणि चांगल्या वळणाची होतात, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच साहेबाच्या राज्यात, हिंदुस्थानात, १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायदा होता. माग काढणारे, पाल टाकून फिरणारे पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी जन्मानंच गुन्हेगार ठरवले होते. सोलापुरात आपल्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोजची हजेरी होती, बाहेर जायला पास होता, राबायला कापडाच्या गिरण्या होत्या. त्या वस्तीला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा उठला. ज्या सरकारनं रोज आमची हजेरी लिहिली, त्याच्याच गादीवर बसलेलं सरकार आज विचारतं, तुम्ही १९५० आधी इथं होता याला पुरावा काय?

आता आपल्या माळाकडे या. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं, शेतं आणि शहरंसुद्धा त्यात धरली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. इतकी वर्षं इतकी जमीन अडकवून माळढोक वाचला का? तो आज दिसेनासा झालाय. गवताळ माळ नांगरले गेले, रस्ते झाले, तारा ओढल्या गेल्या. तरी बोट दाखवायचं झालं की ते पालाकडेच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका माळावर शिबीर उतरलं. शिबीरवाल्यांचं नाव आम्ही इथं लिहीत नाही. रीत सगळ्यांची सारखीच आहे. पालावरची दोन पोरं पाण्याचे हंडे आणि सरपण आणायला रोजानं ठेवली होती. शिकवणाऱ्या दादानं मातीतला माग दाखवून मुलांना विचारलं, हा कुणाचा? मुलं म्हणाली, कुत्र्याचा. आमचं पोर हंडा खाली न ठेवता म्हणालं, "कुत्रं न्हाय, लांडगीण हाय. पहाटं गेलीया, पोटुशी हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. चार दिवसांनी त्याच पोराची आई त्याच माळावरून हिवराच्या वाळक्या काट्या आणत होती. तिचा विळा काढून घेतला. पावती दिली नाही.

काटी तीच, माळ तोच. पोरानं शिबिरासाठी आणली तर ते शिक्षण, आईनं चुलीसाठी आणली तर चोरी.

हे नुसतं एका गार्डाच्या मनावर नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात शिरायला पर्यटनासाठी परवाना मिळतो. २०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला. वन खात्याच्या आराखड्यात दाखवलेल्या निसर्ग-पर्यटनाच्या सोयी आता 'वनेतर काम' धरल्या जात नाहीत. म्हणजे पाहुण्यांचा तंबू हे जंगलाचंच काम झालं. आणि आमचं पाल? ते अतिक्रमण.

काही जण म्हणतील, पारधी शिकार करतात, त्यांना रान मोकळं कसं सोडायचं? सरळ उत्तर देतो. २००६ च्या वन हक्क कायद्यात शिकारीचा हक्क नाही, आणि आम्ही तो मागत नाही. आम्ही मागतो राहायला आणि कसायला जमीन, गवत, सरपण, बोरं, गुरं चारायची वाट. हे सगळं त्या कायद्यात आहे. भटक्यांच्या हंगामी वापराचा हक्कसुद्धा आहे.

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरकडच्या आश्रमशाळांतली आपली पाच आदिवासी पोरं एव्हरेस्टवर पोचली. सरकारनं त्या मोहिमेला 'मिशन शौर्य' नाव दिलं, सत्कार केले. चांगलं झालं, आम्हालाही अभिमान आहे. पण आदिवासीचं शौर्य डोंगराच्या टोकावर दिसतं आणि त्याच्या आईबापाचा दावा टेबलावर दिसत नाही, हे कसं?

शहरातल्या पोरांवर आमचा राग नाही. ती यावीत, अनवाणी चालावीत, काटा मोडू द्यावा. पण येताना ग्रामसभेला विचारून यावीत. वन हक्क कायद्याच्या कलम ५ नं सामूहिक वनात कुणी यायचं, कसं यायचं हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. माग शिकवायचा तर आमच्या माणसाला शिक्षक म्हणून घ्या आणि शिक्षकाचाच पगार द्या. हंड्याच्या रोजावर विद्या विकणार नाही.

आता आपलं काम.

एक, ग्रामसभा भरवा. वन हक्काच्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया लागतात. बायांना घेऊनच या.

दोन, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा असेल तर दावा भरा. कागद नाही म्हणून मागं फिरू नका. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा धरला जातो. पण तो जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्या म्हाताऱ्याचा लागतो.

तीन, दाव्याचा निकाल लागेपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला उठवता येत नाही. उठवायला आले तर हे कलम तोंडपाठ सांगा.

चार, विळा, कुऱ्हाड, जनावर काही नेलं तर लेखी पावती मागा. देत नसतील तर तारीख, वेळ आणि दोन साक्षीदार लिहून ठेवा आणि संघटनेकडे पाठवा.

ज्याला वाचता येतं त्यानं हे पत्रक पालावर आणि पारावर मोठ्यानं वाचून दाखवावं. म्हातारीच्या जबाबाला उशीर करू नका, तिच्यासोबत पुरावा जातो.

जिंदाबाद!