उतारवयातील विवाह आणि आपला समाज

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या समाजाने गेल्या काही दशकांत काय कमावले, याची उजळणी अशा स्मरणिकांतून दरवर्षी होते आणि ती व्हायलाच हवी. शिक्षण, घरे, विहारे, मुलांच्या पदव्या ही सारी कमाई थोर आहे. परंतु जयंतीच्या व्यासपीठावर ज्याचा उच्चारही होत नाही आणि भोजनाच्या पंगतीत मात्र ज्याची चवीने चर्चा होते, असाही एक विषय आहे. जोडीदाराच्या निधनाने अथवा घटस्फोटाने एकट्या पडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांनी पुन्हा विवाह करावा की नाही, हा तो विषय. या प्रश्नावर आपली भूमिका काय असावी, हे बाबासाहेबांच्या विचारांच्या आधारे तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

निमित्त घडले ते गेल्या वर्षीच्या प्रवासाचे. अमेरिकेतून भारतात जाताना वाटेत इंग्लंडमध्ये चार दिवस मुक्काम केला, तो एका मित्राच्या विवाहासाठी. हा मित्र माझा वैद्यकीय महाविद्यालयातील सहाध्यायी. तेव्हाच्या औरंगाबादेत वसतिगृहाच्या एकाच खोलीत आम्ही राहिलो, विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत एकत्र चाललो. पुढे मी अमेरिकेला आलो, तो इंग्लंडला गेला. सहा वर्षांपूर्वी त्याची पत्नी कर्करोगाने गेली. आता सत्तावन्नाव्या वर्षी तो पुन्हा विवाहबद्ध होत होता. वधू चोपन्न वर्षांची, शाळेत शिक्षिका, स्वतः विधवा आणि पंजाबी आंबेडकरी कुटुंबातली.

वेस्ट मिडलंड्सच्या परिसरात पंजाबी आंबेडकरी बांधवांची मोठी वस्ती आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १९५० आणि १९६० च्या दशकांत दोआबातून आलेली ही माणसे तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांत राबली आणि त्यांनी मजुरीतून पैसे बाजूला काढून सभा-संस्था उभ्या केल्या. १९५१ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब जालंधरला आले होते, त्या सभेच्या आठवणी त्यांच्या घराघरांत अजून सांगितल्या जातात. आपली मराठी आणि त्यांची पंजाबी यांत 'जय भीम' एवढे दोनच शब्द समान असले तरी ते पुरेसे असतात.

विवाह प्रथम नोंदणी कार्यालयात झाला. इंग्लंडच्या कायद्यानुसार तिथल्या नागरी विवाहविधीत धार्मिक प्रार्थनेला स्थान नसते. म्हणून नोंदणी आधी आणि विहारातील मंगल विधी नंतर, असा क्रम होता. या कार्यालयातील दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली अशी की, विवाह दारे उघडी ठेवून लावावा, असे तिथला कायदाच सांगतो. आक्षेप घेणाऱ्याला आत येता यावे, हा त्यामागील हेतू. दुसरी गोष्ट नोंदीच्या कागदाची. १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदीत वधूवरांच्या केवळ वडिलांचे नाव आणि व्यवसाय लिहिला जात असे. ४ मे २०२१ पासून आईचेही नाव आणि व्यवसाय लिहिता येतो. माझ्या मित्राच्या आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली होती. व्यवसायाच्या रकान्यात त्याने यत्किंचितही संकोच न करता 'मजूर' असे लिहवून घेतले. वधूच्या आईपुढे 'शिवणकाम' असे आले. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्याचा मान मला मिळाला.

विहारातील विधी पाऊण तासात आटोपला. दोघेही पांढऱ्या वस्त्रांत. त्रिशरण, पंचशील, मंगलसुत्ताचे पठण आणि परस्परांना दिलेली वचने. बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणापूर्वी थोडेच दिवस आधी लिहिलेल्या एका पत्रात बौद्ध विवाहाची पद्धत सांगितली आहे. ती इतकीच साधी आहे. होम नाही, सप्तपदी नाही. मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट, त्यात सोडलेल्या सुताची टोके दोघांच्या हाती आणि सुत्ताचे पठण. पुढे पंजाबी बांधवांनी रांधलेली डाळ-रोटी, आमच्या मंडळींनी केलेली पुरणपोळी आणि दोन्ही भाषांतील भीमगीते. हुंडा, मानपान, आहेर यांचा मागमूस नव्हता.

इथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू भाग.

मित्राने परिसरातील पंधरा मराठी कुटुंबांना निमंत्रण दिले होते, आली पाच. वधूचा थोरला मुलगा आला नाही. त्याच्यासाठी राखून ठेवलेली पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. न आलेल्या मंडळींची मते मला दूरध्वनीवरून आणि आडून ऐकायला मिळाली. 'मुलीच्या लग्नाचं पाहायचं सोडून बापच बोहल्यावर चढला', 'साठी बुद्धी नाठी म्हणतात, याची साठीच्या आधीच नाठी झाली', असा त्यांचा सूर होता. हे निदान थट्टेत निघून जाईल. परंतु एका ज्येष्ठ गृहस्थांनी गंभीरपणे जे सांगितले, ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. ते म्हणाले, "लग्नच करायचं होतं तर आमच्याकडे विदर्भातल्या तीन मुलींची स्थळं होती, तिशी-पस्तिशीच्या. ही दोन मुलांची विधवा कशाला?"

हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे दिले, कारण त्यात जातिव्यवस्थेचे सारे गणित सामावले आहे आणि ते गणित बाबासाहेबांनी शतकापूर्वीच सोडवून दाखविले आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्याचा गाभा असा की, जातीबाहेर विवाह होऊ द्यायचा नसेल तर जातीतील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सतत सारखी राखावी लागते. मृत्यू हे संतुलन बिघडवितो. नवरा मेला की एक स्त्री 'अतिरिक्त' ठरते, बायको मेली की एक पुरुष. अतिरिक्त स्त्रीची विल्हेवाट दोन मार्गांनी लावली गेली : तिला चितेवर जाळले किंवा सक्तीचे वैधव्य लादले. पुरुषाला मात्र जाळता येत नव्हते आणि त्याच्यावर संन्यासही सहजी लादता येत नव्हता. मग त्याच्यासाठी खालच्या वयोगटातील, अद्याप विवाहयोग्यही न झालेली मुलगी आणली गेली. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन स्वतंत्र रूढी नसून जात टिकविण्याच्या एकाच यंत्राची ती तीन चाके आहेत, हा त्या निबंधाचा निष्कर्ष.

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांचे वाक्य पुन्हा वाचावे. विधुराला निम्म्या वयाची वधू आणि विधवेला आजन्म एकटेपण : चाके तीच, केवळ वंगण आधुनिक. तिशीतली स्त्री सज्ञान असते, तिला निवडीचा अधिकार आहे, हे खरेच. परंतु गावाकडच्या गरीब घरातील मुलीचा होकार हा पुष्कळदा परिस्थितीचा होकार असतो, आणि परदेशी आल्यावर व्हिसा, भाषा आणि पैसा या तिन्ही बाबतींत ती नवऱ्याच्या मुठीत राहते. अशा घरांतील भगिनी मी माझ्या तपासणीच्या खोलीत पाहिल्या आहेत. डोकेदुखीची तक्रार घेऊन त्या येतात आणि औषधाने बरे होण्यासारखे त्यांना काहीच झालेले नसते. समवयस्क विधवेशी, तेही प्रांत आणि पोटजात ओलांडून विवाह करणारा माझा मित्र ही तिन्ही चाके एकदम थांबवीत होता. त्याचे कौतुक करायला पंधरांपैकी पाचच कुटुंबे यावीत?

त्याच निबंधात बाबासाहेबांनी आणखी एक सूत्र मांडले आहे, ते अनुकरणाचे. वरच्या जातीच्या रूढी खालच्या जाती उचलतात, आणि जी जात वरच्यांच्या जितकी जवळ तितके अनुकरण अधिक काटेकोर. आमच्या पूर्वजांत विधवेच्या विवाहाला मज्जाव नव्हता. 'पाट' किंवा 'म्होतूर' हे शब्द आजच्या तरुणांना अपरिचित असतील. पण आजीच्या पिढीला ते रोजचे होते. माझ्या मित्राच्या आजीचाच पाट लागला होता. पंजाबात 'चादर टाकणे' ही तशीच रीत. या रीतींचे उदात्तीकरण मला करावयाचे नाही. पाट रात्री, अंधारात, सुवासिनींना दूर ठेवून लागे आणि त्याला लग्नाचा दर्जा नसे. पंजाबात विधवेची चादर बहुधा दिराच्या घरीच पडे. जमीन आणि मजूर हात घरातच राहावेत, हा त्यातील हिशेब. पण निदान स्त्रीचे आयुष्य नवऱ्याच्या चितेबरोबर संपले, असे आमच्या समाजाने मानले नव्हते.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचे गुणगान आपण पाठ्यपुस्तकांत वाचले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता, हे फारसे सांगितले जात नाही. ज्या जातींत पुनर्विवाहाची रूढी आधीपासूनच होती, त्यांच्या स्त्रियांनाही मुंबईसह काही उच्च न्यायालयांनी हीच अट लागू केली. जी मोकळीक आमच्या स्त्रियांना रूढीने होती, तिच्यावर सुधारणेच्या नावाने दंड बसला. आणि आज, त्या आजीचा नातू डॉक्टर होऊन तेच करतो तेव्हा, शिकलेली मंडळी नाक मुरडतात! हे शिक्षणाचे फळ नव्हे. हे अनुकरणाचे फळ आहे.

ज्यांना आधार हवा असेल त्यांनी बाबासाहेबांचेच चरित्र पाहावे. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाबासाहेबांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात ओलांडून, डामडौलाविना. मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या वेदनांनी शरीर पोखरलेले असताना त्यापुढील आठ वर्षांत त्यांनी संविधानाचे काम पूर्ण केले, हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली, धम्मदीक्षा दिली आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाच्या १९५६ मधील प्रस्तावनेत त्यांनी पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते. १९५७ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला तो त्या प्रस्तावनेशिवाय. माईसाहेब २९ मे २००३ पर्यंत जगल्या आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्यांनी संशयाच्या छायेत काढली. उतारवयात आलेल्या सहचारिणीला समाज कसा वागवितो, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते?

वैद्य म्हणूनही दोन शब्द. जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ मध्ये याच विषयावर सार्वजनिक इशारा दिला. आपल्या पिढीला तर हे एकटेपण दुहेरी आहे. मुले दूरच्या शहरांत, भावंडे भारतात, आणि ज्या भाषेत मनातले बोलावे ती भाषा बोलणारे घरात कोणी नाही. माझा मित्र, इतरांना पथ्य सांगणारा डॉक्टर, सहा वर्षे पावाच्या तुकड्यावर रात्रीचे जेवण उरकीत होता. विवाह हे एकाकीपणावरचे एकमेव औषध नव्हे. ज्यांना एकटे राहणे रुचते त्यांचा आदर राखावाच. पण ज्यांना सोबत हवी त्यांची वाट आपण अडवू नये.

मुलांचा विरोध समजून घ्यायला हवा. त्यात दुःख असते आणि घर-मालमत्तेची चिंताही असते. दोन्हींवर उपाय आहे. दुःखाला वेळ द्यावा लागतो. त्या रिकाम्या खुर्चीवरून मित्राच्या पत्नीने मुलाला दोष दिला नाही, "येईल सावकाश" एवढेच म्हणाली. मालमत्तेसाठी मात्र कागद हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाह होताच आधीचे मृत्युपत्र, ते या विवाहाच्या अपेक्षेने केलेले नसल्यास, रद्द होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. म्हणून विवाहापूर्वीच वकिलाचा सल्ला घेऊन दोन्हीकडच्या मुलांसमोर सर्व स्पष्ट करावे. संशयाचे निम्मे कारण तिथेच संपते.

आपल्या संघटनेला तीन सूचना कराव्याशा वाटतात. वधूवर परिचयाच्या आपल्या उपक्रमात पन्नाशीपुढील विधवा, विधुर आणि घटस्फोटितांसाठी स्वतंत्र नोंद असावी आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम असावा. कारण पुरुषाला स्थळे चालून येतात, स्त्रीला सल्ले. दुसरी सूचना अशी की, पंजाबी आणि अन्य भाषिक आंबेडकरी संस्थांशी मिळून असे परिचय व्हावेत, म्हणजे पोटजातीची आणि प्रांताची भिंत आपसूक खचेल. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. असे निमंत्रण आले तर जावे. सहकुटुंब जावे, मुलांना घेऊन जावे.

जातिअंताची भाषा आपण वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, मोठ्या आवाजात बोलतो. ती कृतीत उतरविण्याची संधी एखाद्या लहानशा विहारात, दोन प्रौढ माणसांच्या विवाहात, पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या रूपाने आपल्यापुढे येते. त्या दिवशी ती खुर्ची आपल्यामुळे रिकामी राहू नये.

जय भीम!