सरीला अंतर, मग गाडीला का नको?



ऊसविकास खात्याचा माणूस लिहायला बसला की लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा यांतलेच काहीतरी निघणार, असे आपण धरूनच चालता. या वेळी विषय रस्त्याचा आहे. पण सुरुवात सरीपासूनच करतो, कारण दुसरी सुरुवात आम्हाला येत नाही.

गेली कित्येक वर्षे आम्ही आपल्या बांधावर येऊन एकच पालुपद लावले आहे : सरी चार-पाच फुटांची सोडा. पहिल्यांदा सांगितले तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, एवढी जागा मोकळी सोडायची म्हणजे रान पडीकच टाकायचं की!" पुढे त्यांनीच पाच फुटी सरी पाडली. उसात हवा-उजेड खेळला, ऊस जाड पडला, आणि मोकळी जागा वाया जात नसते हे तेच शेजाऱ्यांना सांगू लागले. शेतात पटलेली ही गोष्ट रस्त्यावर मात्र आपल्याला पटत नाही. पुढच्या गाडीमागे जरा जागा दिसली की ती वायाच चालली असे वाटते, आणि आपण आपले चाक तिथे नेऊन भिडवतो.

दुसऱ्याला सांगण्याआधी आपली चूक सांगावी. दोन हंगामांपूर्वी आम्ही मोटारसायकलवरून पाथरीहून मानवतकडे येत होतो. रस्त्याकडेच्या एका प्लॉटात काणीचा काळा चाबूक दिसला. आमची जुनी खोड अशी, की ऊस दिसला की रस्ता दिसत नाही. आरशात पाहिले नाही, हात दाखवला नाही, करकचून ब्रेक दाबला. मागे आपलेच एक सभासद जेमतेम दहा-बारा फुटांवर होते. ते येऊन धडकले. आमचे गुडघे खरचटले. त्यांचे खांद्याचे हाड मोडले. ऐन तोडणीच्या दिवसांत दोन महिने हात गळ्यात. जमलेले लोक त्यांनाच म्हणाले, "मागून ठोकलं म्हणजे चूक तुझीच." आम्ही त्या वेळी गप्प बसलो. ते गप्प बसणे आजवर टोचते आहे, म्हणून इथे छापून सांगतो : निम्मी चूक आमची होती.

कायदाही हेच म्हणतो. १९८९ सालच्या रस्ता नियमावलीत २३ वा आणि २४ वा असे दोन नियम शेजारी शेजारी होते. पुढचा एकाएकी थांबला तरी धडक होणार नाही एवढे अंतर मागच्याने ठेवावे, हा पहिला. सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय पुढच्याने एकाएकी ब्रेक लावू नये, हा दुसरा. ती नियमावली २०१७ साली बदलली, पण अंतराचे बंधन कायम आहे. आपण मात्र पहिला नियम दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा कोणालाच सांगत नाही.

आता थोडा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. पुढचा लाल दिवा डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ५५ फूट गाडी पूर्ण वेगातच असते. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट जागा लागते. म्हणून जगभर निदान दोन सेकंदांचे अंतर सांगितले आहे. ६० च्या वेगाला ते ११० फूट होते. आपल्या भाषेत, गुंठ्याची बाजू ३३ फूट, तेव्हा ओळीने मांडलेले तीन गुंठे आणि वर थोडे. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढून १२० ने जाणाऱ्या आपल्या पोरांना तेच अंतर साडेसहा गुंठ्यांचे ठेवावे लागेल. टेप लावून मोजायची गरज नाही. पुढची गाडी एखाद्या लिंबाजवळून गेली की मनात सावकाश "परभणी-गंगाखेड, परभणी-गंगाखेड" असे दोनदा म्हणा. म्हणून होण्याआधीच आपण त्या लिंबाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात, धुक्यात किंवा चाकांबरोबर आलेला काळा चिखल डांबरावर पसरलेला असताना चारदा म्हणा.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशात वर्षभरात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर दगावल्याची नोंद आहे. अपघातांच्या प्रकारांत मागून बसलेली धडक पहिल्या नंबरावर आहे. हे आकडे दिल्लीत छापले गेले, पण हंगामात आपल्याकडेही अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल जाऊन आदळल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता ट्रॅक्टरवाल्या बंधूंसाठी. अडीच टनांचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस ओढतो. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. अनेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, असला तरी जोडलेला नसतो. म्हणजे आपण थांबू म्हणतो तेव्हा मागचा ऊस थांबू म्हणत नाही, तो ढकलतो. म्हणून उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडू नका. डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन पायटे शेतात वळायला वेगळे लागतात. रस्त्याला लागताना खिटी लावून ते एक करा, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. पूर्वी बैलगाडीच्या आसाखाली कंदील लटकत असे. त्या मिणमिणत्या उजेडानेही मागच्याला गाडी कळत होती. आज ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतो आणि त्यावर वाढे लोंबत असतात! निघण्यापूर्वी तेवढे वाढे कापा. टायर फुटला तर ट्रॉली डांबरावर सोडून मिस्त्री शोधायला जाऊ नका. एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा करा. डेकचा आवाज एवढा ठेवा की मागच्याचा हॉर्न कानावर यावा.

हे सगळे सांगितले की उत्तर ठरलेले असते : "साहेब, अंतर सोडलं की दुसरा घुसतो. नंबर मागं जातो. खेप बुडती." बंधूंनो, या म्हणण्यात तथ्य आहे, आणि इथे दोष आमच्याकडेही येतो. गाडीतळावर जो आधी येईल त्याचा नंबर आधी, अशी पद्धत असली की शेवटच्या दोन-तीन कोसांत शर्यत लागणारच. रस्त्यावर जीव धोक्यात घालून दहा मिनिटे कमवायची आणि गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत रात्रभर ट्रॅक्टरखाली पटकूर टाकून पडायचे, हा कुठला व्यवहार? आमचे स्पष्ट मत असे, की नंबर तळावर पोचण्याच्या वेळेवर न देता तोडणी चिठ्ठीच्या क्रमाने द्यावा. फडातून निघतानाच नंबर ठरलेला असला तर घाई कोणाशी करायची? संचालक मंडळाने आणि वाहतूकदारांनी यावर विचार करावा. आमच्या खात्याला चिठ्ठ्यांचे काम वाढेल, ते आम्ही करू.

राहिली माणुसकी. राष्ट्रीय महामार्ग ६१ कल्याणपासून अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणी, नांदेड करीत तेलंगणात निर्मलला जातो. त्यावर दूरचे लोक असतात. त्यांना आपला ट्रॅक्टर कुठल्या पांदीत वळणार हे ठाऊक नसते. वळण्याआधी शंभर पावलांवर हात दाखवा, मग हळूहळू वेग उतरवा. उजवा दिवा लावून "जा पुढे" म्हणायची ट्रकवाल्यांची रीत सोडा. त्याच दिव्याचा अर्थ "मी उजवीकडे वळतोय" असाही आहे, आणि समजण्यात गफलत झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. एसटीमागे असाल तर हात दाखवला की ती थांबते, हे ध्यानात ठेवा. ट्रॉलीमागे असाल तर ऊस ओढायला पोरे धावतात, हे ध्यानात ठेवा. मागचा घाईत दिसला तर त्याला अद्दल घडवायला ब्रेक मारू नका, बाजू द्या. त्याच्या घरी काय झाले आहे, आपल्याला काय ठाऊक!

ते सभासद आजही आम्हाला रस्त्यात भेटतात. मागून आले की चांगले दोन-तीन गुंठे अंतर ठेवून हॉर्न देतात आणि हसतात. "साहेब, ऊस बघायचा असंल तर आधी हात दाखवा," म्हणतात. आम्ही दाखवतो. आपणही दाखवावा, आणि मागच्याने अंतर सोडावे, एवढीच या हंगामाला विनंती.